वेगळी चूल

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

अर्थशास्त्र हा काही माझा विषय नव्हे. बी.ए.ला त्याचा एक पेपर होता, तेवढीच ओळख. मी कविता लिहिणारा माणूस. माझा व्यवहार शब्दांशी. पण आज ज्याविषयी बोलणार आहे, ते सगळं एका शब्दावरूनच घडलं, म्हणून हे धाडस. तो शब्द म्हणजे 'लीव्ह'. बाहेर पडा. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनमधल्या १ कोटी ७४ लाख मतदारांनी या शब्दापुढे फुली मारली आणि त्यांचा देश ज्या युरोपीय व्यापारी संघात ४३ वर्षं होता, त्यातून बाहेर पडायचं ठरलं. ब्रेक्झिट म्हणतात ते हेच.

त्या १ कोटी ७४ लाखांत माझा एक मामेभाऊ होता.

आमचे मामू रत्नागिरीकडचे. बोटीवर खलाशी होते. कोकणातल्या मुसलमान घरांतून पिढ्यान् पिढ्या माणसं बोटीवर गेली. त्यातली काही विलायतेच्या बंदरांत उतरली आणि तिथलीच झाली. मामू त्यांतले एक. मामेभाऊ लहानपणीच तिकडे गेला. वयानं मोठा, म्हणून मी त्याला भाई म्हणतो. लंडनपासून तासाभराच्या अंतरावर एका गावात त्याचं छोटंसं रेस्टॉरंट आहे.

त्या जूनमध्ये रमजान चालू होता. मतदानाच्या दिवशी भाईनं रोजा सोडण्याआधी मत दिलं आणि रात्रभर टीव्हीसमोर बसून राहिला. आपल्याकडे सकाळचे सात वाजत होते, तिकडे सहरीची वेळ. त्याचा फोन आला. "बहुतेक आम्ही जिंकतोय," तो म्हणाला. आवाजात आनंद होता, पण पुरता नव्हता. मी विचारलं, "घरात सगळे जागे आहेत?" तर म्हणाला, "पोरगी सहरी न करताच खोलीत गेली. बोलत नाही माझ्याशी." माझी ही पुतणी तेव्हा नुकतीच कॉलेज संपवून नोकरी शोधत होती. तिनं 'रिमेन'पुढे फुली मारली होती. राहा.

एका घरातली ही दोन मतं, आणि निकालही जवळजवळ तसाच. ५१.९ टक्के विरुद्ध ४८.१ टक्के.

आता हे नेमकं काय सोडलं, ते थोडक्यात सांगतो. १९५७ साली रोममध्ये सहा देशांनी करार करून सामायिक बाजारपेठेची पायाभरणी केली. ब्रिटन सुरुवातीला बाहेर राहिला. पुढे आत यावंसं वाटलं, तेव्हा फ्रान्सच्या द गॉल यांनी दोनदा, १९६३ आणि १९६७ मध्ये, दार लावून घेतलं. अखेर १ जानेवारी १९७३ ला प्रवेश मिळाला. १९७५ मध्ये जनतेला विचारलं, राहायचं का? ६७ टक्क्यांनी होकार दिला.

या संघाच्या रचनेत दोन मजले आहेत. पहिला मजला म्हणजे सामायिक जकात: सभासद देशांनी एकमेकांच्या मालावर जकात लावायची नाही आणि बाहेरच्या मालावर सगळ्यांनी सारखीच लावायची. दुसरा मजला १९९३ पासूनचा, एकल बाजारपेठेचा. त्यात नियमही एकच. औषधाची परीक्षा, दुधाची तपासणी, खेळण्याचा रंग, यंत्राची सुरक्षितता, सगळ्याचे मापदंड समान. एका देशात पास झालेला माल सत्तावीस-अठ्ठावीस देशांत पास. माणसांनाही तीच मुभा: कुठेही राहा, कुठेही नोकरी करा. मुंबईच्या वेशीवरच्या जकात नाक्यावर ट्रकांची रांग ज्यांनी पाहिली आहे आणि १ जुलै २०१७ ला तो नाका बंद झाल्यावर मोकळा झालेला रस्ताही पाहिला आहे, त्यांना या व्यवस्थेचं मोल समजावून सांगायला नको.

मग इतकं सोयीचं घर सोडावंसं का वाटलं? जे बाहेर पडा म्हणत होते ते सगळे अडाणी होते, असं मानणं हा त्यांच्यावर अन्याय होईल. आपले कायदे आपल्या संसदेत व्हावेत, ब्रसेल्सच्या कचेरीत नव्हे, ही भावना खोटी नव्हती. पूर्व युरोपातून २००४ नंतर मोठ्या संख्येनं माणसं आली होती; शाळा-दवाखान्यांत गर्दी वाढल्याची तक्रार होती. कारखाने बंद पडलेल्या गावांना वाटत होतं की, या व्यापाराचा फायदा लंडनला झाला, आम्हाला नाही.

भाईचं कारण आणखी वेगळं. युरोपातल्या माणसाला मुक्तद्वार आणि आपल्याकडच्या आचाऱ्याला व्हिसाची भिंत, हे त्याला खुपत होतं. बाहेर पडलो की भारत-बांगलादेशातून आचारी आणणं सोपं होईल, असं तेव्हाच्या मंत्री प्रीती पटेल यांच्यासारखे पुढारी हॉटेलवाल्यांना सांगत होते. दुसरं कारण आंब्याचं. २०१४ च्या १ मेपासून युरोपीय महासंघानं फळमाशीच्या कारणावरून भारतीय आंब्यावर बंदी घातली. सोबत अळू, कारली, पडवळ आणि वांगी. हापूसचं मोठं गिऱ्हाईक ब्रिटनच, पण बंदी सगळ्या महासंघाची, म्हणून ब्रिटनलाही पाळावी लागली. पुढे २०१५ च्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी उठली. पण त्या हंगामाची जखम भाईच्या मनात राहिली. "माझ्या गावचा आंबा मी खायचा की नाही, हे ब्रसेल्सनं ठरवायचं?" असं तो म्हणायचा. मी म्हणायचो, "भाई, माशी तर खरीच होती ना?"

मला बोलायचं आहे ते याच मुद्द्यावर. 'लीव्ह' हा शब्द एक होता, पण भाईच्या मनात त्याचा अर्थ आचारी, कोळ्याच्या मनात मासे, कामगाराच्या मनात नोकरी आणि उद्योगपतीच्या मनात कमी नियम. एका प्रसिद्ध लाल बसवर तर लिहिलं होतं की आपण युरोपला आठवड्याला ३५ कोटी पौंड पाठवतो, ते आरोग्यसेवेला देऊ. या आकड्यात ब्रिटनला परत मिळणारी सूट वजा केलेली नव्हती, आणि देशाच्या सांख्यिकी प्राधिकरणानंच त्याबद्दल कान टोचले होते. पण बस फिरत राहिली. बाहेर पडायचं म्हणजे पहिल्या मजल्यावरून की दुसऱ्या, की दोन्ही सोडून अंगणातूनही, हे मतपत्रिकेवर नव्हतंच. कविता वाचणाऱ्यानं एका शब्दाचे दहा अर्थ लावले तर कवीला आनंद होतो. करारात मात्र असा शब्द आला की पुढे भांडण ठरलेलं.

आमच्या गावाकडे भाऊ वेगळे निघतात तेव्हा चार वडीलधारे ओटीवर बसतात. आंब्याची कलमं किती, माड किती, विहिरीचं पाणी कोणी कोणत्या वारी घ्यायचं, मागच्या दाराची पायवाट कोणाच्या हिश्श्यात, याची यादी होते. तांब्या-पितळेच्या भांड्यांवरूनही कुरबुर होते. पण आधी यादी, आणि मग वेगळी चूल. ब्रिटननं आधी चूल वेगळी केल्याची दवंडी पिटली आणि नंतर यादीला बसला. मार्च २०१७ मध्ये अधिकृत नोटीस दिली, तेव्हा दोन वर्षांचं घड्याळ सुरू झालं. आणि आपल्याला काय हवं आहे, यावर तेव्हा मंत्रिमंडळाचंही एकमत नव्हतं.

यादीत सगळ्यात अवघड निघाली ती पायवाट.

आयर्लंड हे एक बेट. त्याचा दक्षिणेकडचा मोठा भाग स्वतंत्र देश आणि महासंघाचा सभासद. उत्तरेचा भाग ब्रिटनचा. मध्ये सुमारे ५०० किलोमीटरची सीमा, आणि ती ओलांडणारे दोनशेहून अधिक रस्ते. याच भागात तीस वर्षं रक्त सांडलं. साडेतीन हजारांहून अधिक माणसं मेली. तेव्हा सीमेवर लष्कराचे मनोरे होते, लहान रस्ते सैन्यानं उखडून टाकले होते. १० एप्रिल १९९८ च्या करारानं शांतता आली, मनोरे उतरले, रस्ते जोडले गेले. दोन्ही देश एकाच बाजारपेठेत असल्यानं सीमेवर तपासायलाही काही उरलं नव्हतं. उत्तरेतल्या गाईंच्या दुधापैकी सुमारे एक तृतीयांश दूध प्रक्रियेसाठी दक्षिणेत जातं. टँकर कधी एका देशातून दुसऱ्यात गेला, हे ड्रायव्हरला रस्त्यावरच्या पाटीवरूनच कळायचं.

आता ब्रिटन दोन्ही मजले सोडणार म्हटल्यावर ही सीमा महासंघाची बाहेरची भिंत झाली. भिंतीवर तपासणी हवी. पण तपासणीची चौकी उभारली तर शांतता कराराला धक्का, आणि चौकीवर पहिला दगड कधी पडेल याचा नेम नाही. मग चौकी समुद्रात न्यावी, म्हणजे इंग्लंडहून उत्तर आयर्लंडला जाणारा माल बंदरावर तपासावा? तर आपल्याच देशात आपल्याच मालाची झडती, हे तिथल्या ब्रिटननिष्ठांना असह्य. जमिनीवर सीमा नको, समुद्रात सीमा नको, आणि बाजारपेठेत राहायचंही नाही, या तीन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. थेरेसा मे यांची पंतप्रधानकी या कोड्यात संपली. १५ जानेवारी २०१९ ला त्यांचा करार संसदेत ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला. आधुनिक काळात तिथल्या कोणत्याही सरकारचा एवढा मोठा पराभव झाला नव्हता. मग आलेल्या बोरिस जॉन्सन यांनी अखेर समुद्रातली सीमा पत्करली.

तिचा अर्थ काय झाला, ते एका गोष्टीवरून सांगतो. इंग्लंडमधल्या रोपवाटिकेतलं झाड उत्तर आयर्लंडला पाठवायचं, तर त्याच्या मुळाला लागलेली माती चालेना. देश एक, झेंडा एक, पण मुळाची माती परकी ठरली. यात २०२३ च्या विंडसर समझोत्यानं बरीच सवलत आली. पण तोवर तिथल्या ब्रिटननिष्ठ पक्षानं बहिष्कार घालून सरकार बंद पाडलं होतं. फेब्रुवारी २०२२ पासून जवळजवळ दोन वर्षं त्या प्रदेशाला स्वतःचं मंत्रिमंडळ नव्हतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते सुरू झालं, तेव्हा मुख्यपदी मिशेल ओ'नील बसल्या, संयुक्त आयर्लंड मागणाऱ्या पक्षाच्या नेत्या. त्या प्रदेशात हे पहिल्यांदाच घडलं. आणि लक्षात घ्या, उत्तर आयर्लंडनं ५६ टक्के मत राहण्याच्याच बाजूनं दिलं होतं. स्कॉटलंडनं तर ६२ टक्के.

आता पैशाकडे वळू. निकालाच्या रात्रीच पौंड कोसळला. डॉलरच्या तुलनेत १९८५ नंतरच्या नीचांकाला गेला. पण प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बाहेर पडा असा कौल मिळाला तर लगेच मंदी येईल, पाच लाख नोकऱ्या जातील, असा इशारा ब्रिटिश अर्थखात्यानं मतदानाआधी दिला होता. तसं काही झालं नाही. लंडनचा वित्तबाजार ओस पडला नाही. बँकिंग, सल्ला, सॉफ्टवेअर अशा सेवांची निर्यात पुढेही चांगली राहिली. भीती दाखवणाऱ्यांचं भाकीतही चुकलं आणि त्यामुळे पुढे खरं सांगणाऱ्यावरही लोकांचा विश्वास बसेना.

नुकसान झालं ते भिंतीत मुरणाऱ्या ओलीसारखं. एका रात्रीत भिंत पडत नाही. पोपडे सुटत जातात. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला औपचारिकपणे बाहेर पडला, पण जुने नियम वर्षअखेरपर्यंत चालू होते. २४ डिसेंबर २०२० ला करार झाला, आणि आठवडाभरात नवे नियम लागू. करारानुसार जकात शून्य. लोकांना वाटलं, मग काळजी कसली? जकात गेली होती, पण कागद आला होता. माल कुठला, त्यातलं किती ब्रिटनमध्ये बनलं, याचा दाखला. दूध-मांस-अंडी असेल तर पशुवैद्याची सही. आधी जिथे बीजक पुरत होतं, तिथे आता फाइल.

पुतणी तोवर खाद्यपदार्थ बनवणाऱ्या एका लहान कंपनीत लागली होती. युरोपातल्या दुकानांना छोटी छोटी पार्सलं पाठवायची, हे तिचं काम. जानेवारी २०२१ मध्ये तिनं मला सांगितलेलं वाक्य आठवतं: "चाचा, पाठवायच्या मालापेक्षा त्याच्या कागदांचा खर्च जास्त होतोय." चीज घातलेल्या वीस डब्यांना जेवढी प्रमाणपत्रं, तेवढीच वीस हजार डब्यांना. मोठ्या कंपनीनं माणसं नेमली. लहान कंपनीनं युरोपचं गिऱ्हाईक सोडलं. पुतणीच्या कंपनीनं सहा महिन्यांत तेच केलं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी २०२४ मध्ये हिशेब मांडला, त्यात अशा सुमारे १६ हजार कंपन्या निघाल्या, ज्यांनी युरोपला माल पाठवणं पूर्ण थांबवलं. तेव्हाच्याच एका बातमीत पाहिलं होतं: हॉलंडच्या बंदरावर कस्टमवाले ब्रिटिश ट्रकड्रायव्हरांच्या डब्यातली मांसाची सँडविचेस काढून घेत होते. मांसाचे पदार्थ बाहेरच्या देशातून आणता येत नाहीत, आणि ब्रिटन आता बाहेरचा देश.

कोळ्यांची कथा याहून बोलकी आहे. आमचे समुद्र आम्हाला परत द्या, ही त्यांची मागणी या चळवळीचं निशाण होती. देशाच्या उत्पन्नात मासेमारीचा वाटा एक टक्क्याच्याही खूप खाली. पण सागरी देशाच्या मनात कोळी मोठा. बाहेर पडल्यावर माशांचा थोडा अधिक वाटा मिळालाही. पण ब्रिटिश समुद्रातले बरेचसे मासे, शिंपले, खेकडे खाणारं तोंड युरोपात. जाळं तुमचं झालं, पण बाजार परका झाला. जानेवारी २०२१ मध्ये कागदांत अडकून माल सडू लागला, तेव्हा स्कॉटलंडचे मासळीवाले आपले ट्रक घेऊन थेट लंडनला पंतप्रधानांच्या दाराशी आले. पुढे मे २०२५ मध्ये युरोपशी नवा समझोता करताना ब्रिटननं युरोपीय बोटींना २०३८ पर्यंत आपल्या समुद्रात मासेमारीची मुभा दिली.

एकूण हिशेब किती? ब्रिटनच्या अर्थसंकल्पावर नजर ठेवणाऱ्या स्वतंत्र सरकारी कार्यालयाचा अंदाज असा की, महासंघात राहिला असता त्या तुलनेत देशाची उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्क्यांनी कमी राहील. हा अंदाज आहे. मधे कोरोना आला, युक्रेनचं युद्ध आलं, कोणता पोपडा कोणत्या ओलीनं पडला हे वेगळं काढणं सोपं नाही. पण दिशेबद्दल बहुतेक अर्थतज्ज्ञांचं एकमत आहे. बदल्यात जगाशी नवे करार करू, असं सांगितलं होतं, आणि ते झालेही. भारताशी २४ जुलै २०२५ ला सही झाली. आपल्या कापड, चामडं, मासळी, दागिन्यांना तिकडे जकात माफ. त्यांच्या व्हिस्कीवरची आपली १५० टक्के जकात टप्प्याटप्प्यानं ४० वर. हा आपल्यासाठी चांगला सौदा असेल. पण ब्रिटिश सरकारच्याच अंदाजानं त्यातून दीर्घकाळात त्यांच्या देशाला वर्षाला मिळतील सुमारे ४.८ अब्ज पौंड, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याचा जेमतेम सातवा-आठवा भाग. दूरच्या बाजारात दुकान मांडता येतं, पण रोजचं गिऱ्हाईक शेजारचंच असतं. आजही ब्रिटनच्या निर्यातीतला चाळीस टक्क्यांच्या आसपास वाटा युरोपातच जातो.

आणि माणसं? इथे आपल्या गोव्याचा उल्लेख केलाच पाहिजे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं. त्या पासपोर्टावर हजारो गोवेकर युरोपीय नागरिक म्हणून ब्रिटनमध्ये गेले. स्विंडन या गावात तर त्यांची मोठी वस्ती झाली. त्याच स्विंडननं बहुमतानं 'लीव्ह' म्हटलं. शेजाऱ्यांनी एका मतानं सांगितलं, तुमचा पासपोर्ट आता चालणार नाही. जे आधी आले होते त्यांना ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करून राहण्याचा हक्क पक्का करायचा होता. देशात युरोपीय नागरिक तीसेक लाख असावेत असा समज होता; हक्क मिळालेले निघाले पन्नास लाखांहून अधिक. ज्यांची मोजदादही नीट नव्हती, त्यांच्या भवितव्यावर मतदान झालं होतं, आणि त्यातल्या बहुतेकांना त्यात मत नव्हतं.

युरोपीय कामगार कमी झाले. २०२१ च्या सप्टेंबरात ट्रकड्रायव्हर मिळेनात, पेट्रोल पंपांपुढे रांगा लागल्या. त्यात कोरोनाचाही हात होता. सरकारला परदेशी ड्रायव्हरांसाठी तात्पुरते व्हिसे काढावे लागले. मग दवाखाने, वृद्धाश्रम, विद्यापीठं यांसाठी जगभरातून माणसं येऊ लागली, त्यांत भारतीय सर्वांत पुढे. जून २०२३ पर्यंतच्या एका वर्षात येणारे वजा जाणारे हा आकडा ९ लाखांच्या वर गेला. परदेशी माणसं कमी व्हावीत म्हणून ज्यांनी मत दिलं, त्यांना हा आकडा फसवणुकीसारखा वाटला. या काळात भाईलाही २०२२ मध्ये एक आचारी मिळाला, हे खरं. पण लोकांचा राग वाढला तशी दारं पुन्हा लागली. एप्रिल २०२४ मध्ये अशा व्हिसासाठी पगाराची किमान मर्यादा २६,२०० पौंडांवरून ३८,७०० वर गेली. जुलै २०२५ मध्ये शिक्षणाची अट वाढली आणि नवा आचारी आणण्याची वाट जवळजवळ बंदच झाली. भाईच्या स्वयंपाकघरात आता तो स्वतः उभा राहतो, वय साठीचं असताना.

राजकारणाचं तर विचारू नका. कौलाच्या दुसऱ्याच दिवशी डेव्हिड कॅमेरॉन यांनी राजीनामा जाहीर केला. त्यानंतरच्या आठ वर्षांत हुजूर पक्षाचे आणखी चार पंतप्रधान झाले. संसद स्थगित करण्याचा जॉन्सन यांचा निर्णय सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१९ मध्ये एकमतानं बेकायदा ठरवला. जुलै २०२४ मध्ये हुजूर पक्षाचा दारुण पराभव होऊन मजूर पक्ष आला. पण ज्या नायजेल फराज यांनी आयुष्यभर बाहेर पडण्याचा जप केला, तेच त्या निवडणुकीत पहिल्यांदा संसदेत पोचले. घोषणा अपुरी ठरली की घोषणा देणारा हरतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो म्हणतो, पुरतं बाहेर पडलोच नाही, म्हणून हे झालं.

सगळ्यात मोठी गंमत मे २०२५ च्या समझोत्यात आहे. अन्नपदार्थांचे कागद कमी व्हावेत म्हणून ब्रिटननं युरोपचे अन्नविषयक नियम पुढेही पाळत जाण्याची तयारी दाखवली. नियम त्यांचे, पाळायचे आपण. आणि ते ठरतात त्या बैठकीत आता आपली खुर्ची नाही. आत असताना निदान हात वर करता येत होता.

याचा अर्थ असा नव्हे की, कोणी कधी बाहेर पडूच नये. जन्मभर एकत्र नांदायचं बंधन भावांवर नाही, मग देशांवर कसं असेल? बाहेर पडण्याचा हक्क खराच आहे. पण जनतेला विचारायचं तर तिच्यासमोर वाटणीचा कागदही ठेवायला हवा: काय सुटेल, काय राहील, पायवाट कुठून जाईल आणि किंमत कोण मोजेल. शब्द पुढे करून सही घ्यायची आणि मजकूर नंतर लिहायचा, यात जनतेचा मान नाही. ब्रिटनच्या बहुतेक चाचण्यांत आज बहुसंख्य लोक तो निर्णय चुकला असं म्हणतात. पण तेही पुन्हा एका शब्दाचंच उत्तर आहे. परत जायचं तर कोणत्या अटींवर, हा कागद याही वेळी कोणी लिहिलेला नाही.

मागच्या ईदला भाईशी बोलणं झालं. पुतणी त्याच्याकडेच होती. बापलेकीचं बोलणं केव्हाच सुरू झालंय; ती आता दर रविवारी त्याच्या रेस्टॉरंटचा हिशेब बघते. इटलीहून येणारे टोमॅटोचे डबे महाग का झाले, हे तीच त्याला बिलावरून समजावते. मी भाईला विचारलं, "आज पुन्हा मत द्यायचं झालं तर?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आधी कागद दाखवा म्हणेन." मागून पुतणीचा आवाज आला, "अब्बा, वाचून दाखवायला मी आहे." मग तिनं फोन घेतला आणि विचारलं, "चाचा, यंदा आंबा कसा आहे?"